ऑगस्टमधले चार भोपळे

ओफेलिया बारागान आमच्या कम्युनिटी कॉलेजात नऊ वर्षं होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिनं संध्याकाळच्या एकेका वर्गानं रेटत संपवला. दिवसा द्राक्षमळ्यात मजुरी, वय सत्तेचाळीस, आणि डोक्यात एकच खूळ: जवळच्या खाजगी विद्यापीठात जाऊन शिक्षिका व्हायचं. तिकडे जाणाऱ्यांचे अर्ज कॉलेजच्या कचेरीत माझ्या खिडकीवर यायचे. तिची गुणपत्रिका पाहून मी कपाळावर हात मारला.

“दोन्या ओफेलिया,” थोरल्या बाईला आमच्यात मानानं अशीच हाक मारतात, “सगळीकडे पहिला वर्ग आणि चार विषयांत भोपळा? तेही चारही ऑगस्टात सुरू झालेल्या सत्रांतले!”

“मी नापास कुठे झाले, पोरी? मनुक्यांचा हंगाम लागला, संध्याकाळी उभंही राहवेना. मी यायची बंद झाले.”

“नाव काढायचा अर्ज दिलात?”

“अर्ज कसला? मळ्यात दोन दिवस दिसलं नाही की मुकादम नाव खोडतो, पुढच्या वर्षी परत लिहितो. मला वाटलं, मास्तरही तसंच करतात.”

मला हसू आलं आणि स्वतःचाच रागही आला. माझे आईबाप त्याच मळ्यांत राबले. ऑगस्टात अर्धा वर्ग का रिकामा होतो हे ठाऊक असून मी इतकी वर्षं मुकाट्यानं शिक्के मारत बसले होते.

विद्यापीठानं खुलासा मागितला. मी म्हटलं, “आजारी होते म्हणून लिहा, प्रकरण मिटेल.”

“दर ऑगस्टला? ताप काय कॅलेंडर बघून येतो?”

तिनं खरं तेच लिहिलं, एका पानात.

उत्तर आलं: प्रवेश मंजूर, पण पहिल्या सत्रात एकही विषय अर्धवट सोडला तर रद्द. आणि सत्र सुरू होणार होतं अठरा ऑगस्टला, ऐन हंगामात.

तिची वर्षाची निम्मी कमाई त्याच पाच आठवड्यांची. आठवडाभर ती खर्चाचा हिशेब मांडत राहिली. मग रविवारी चर्चमधून निघाल्यावर मला बरोबर घेऊन ती मुकादम चेमाच्या दारात उभी राहिली.

“मुकादम, यंदा मी येणार नाही. माझं नाव लिहू नका.”

चेमा म्हणाला, “बाई, बावीस वर्षं मी नावं खोडतोय. माणूस आला नाही की मला कळतं. सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं.” त्यानं खुर्ची पुढे ओढली. “बसा. कुठे चाललात ते तरी सांगा.”

ओफेलिया बसली. विद्यापीठाचं नाव तिनं मोठ्यानं घेतलं आणि तिथेच तिला रडू कोसळलं.