डॉक्टरबाईंच्या हातातला पाइप

हर्सूलकडच्या आमच्या नव्या कॉलनीत घरं आधी आली, नळ यायचेच होते. दुष्काळात टँकरच्या रांगेत मेंदूच्या एक डॉक्टरबाई भेटायच्या. नाव कधी विचारलं नाही. एका पेशीचा निरोप दुसरीला कसा पोचतो यावर त्यांचं संशोधन चालायचं, आणि हंड्यावर बोटं वाजवत त्या ते कुणालाही सांगायच्या.

माझे वडील देवगावचे शेतकरी, आजारपणात आमच्याकडे राहायला आलेले; रांगेत माझ्यासोबत यायचे. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात थोडा हलायचा, पण ते तो वापरतच नसत. "गेला तो," म्हणायचे.

"काका, हात नाही गेला, मेंदूतला पाट बुजलाय," बाई म्हणाल्या. "पाणी सोडत राहिलं की नवा पडतो."

"पाणी हाये कुठं?" वडील हसले.

एका सकाळी बाईंच्या हातातला पाइप हंड्याबाहेर घसरला. "ओ बाई, लई पाणी चाललं," म्हणत वडिलांनी तो झटकन पकडला. उजव्या हातानं. सगळी रांग हसायला लागली, वडीलही.

मग पाइप रोजच घसरू लागला. "एवढी शिकलेली बाई, पण साधा पाइप धरता येत नाय," वडील घरी खुशीत सांगायचे.

चौथ्या दिवशी मी नीट पाहिलं. पाइप जिथं घसरायचा, तिथं बाईंनी आधीच बादली ठेवली होती.