दैवशालामावशीची पकड

टेंभुर्णीच्या शाळेत दैवशालाबाईनं नऊ वर्षं शिपायाचं काम केलं. घंटा देणं, पाणी भरणं, वर्गावर्गात नोटीस फिरवणं हे तर होतंच. पण खरं काम फाटकावरचं. सकाळी दहाला ती फाटकाचं एक दार लावून घ्यायची आणि दुसरं एवढंच उघडायची, की एका वेळी एकच पोर आत यावं. आत येणाऱ्याची शेंडीपासून बुटापर्यंत तपासणी व्हायची.

हाताची ताकद तिला माहेराहून मिळालेली. बैलाच्या खुरांना पत्र्या मारायच्या दिवशी बैल पाडला की त्याची शिंगं जमिनीला दाबून धरायचं काम बापानं हिच्याकडं दिलं होतं, घरात दोन भाऊ असताना. लग्नानंतर चार वर्षं तिनं नवऱ्याचा, रामरावचा, मार खाल्ला. पट्ट्यानं, मोगरीनं, हाताला येईल त्यानं. पाचव्या वर्षी एकदा त्यानं चुलीतलं जळतं लाकूड उचललं, तेव्हा हिनं त्याचं मनगट धरलं. धरलं ते सोडलंच नाही. रामरावनं आधी शिव्या दिल्या, मग तो ओरडला, शेवटी भुईवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी तो जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिकडचाच झाला.

ती लागली त्याच वर्षी मार्तंड सर पर्यवेक्षक होऊन आले, त्याच महिन्यात आठवीतली दोन पोरं कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन एकमेकांच्या अंगावर धावली. दैवशालानं दोघांना दोन हातांत धरून वेगळं केलं. सरांनी ती पकड पाहिली आणि कामाला लावली.

सरांनी फाटकाजवळच्या भिंतीवर नियम रंगवून घेतले होते. मुलांचे केस बोटाच्या पेराएवढे. मुलींच्या दोन वेण्या, लाल रिबिनीनं वर बांधलेल्या. हातात कडं नाही, मेंदी नाही, नेलपॉलिश नाही. पँट घोट्याशी आवळलेली नको. काळे बूट, पांढरे मोजे, बिल्ल्याचा पट्टा. नियम मोडला की सर म्हणायचे, “दैवशालाबाई, धरा.” ती धरायची. मग सर ब्लेडनं अरुंद पँटीची शिवण गुडघ्यापर्यंत उसवायचे. बहिणीच्या लग्नात मेंदी लावून आलेल्या सातवीतल्या प्रीतीचे हात टेबलावर पालथे दाबून धरले होते ते दैवशालानंच. सरांची लोखंडी पट्टी आडवी नाही, धारेनं बसली. पोरीची बोटं चार दिवस पेनाभोवती मिटली नाहीत.

मुख्याध्यापिका रजनी मॅडम एकदा हळूच म्हणाल्या, “सर, मारायला कायद्यानं बंदी आहे.” त्यावर सरांनी पालकसभेतच विचारलं, मारू की नको. पालकांमधून आवाज आला, “हाडं आमची, मांस तुमचं. बिलकुल सोडू नका!” लोक हसले, टाळ्या पडल्या.

दैवशाला पोरांना धरायची तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघायची नाही. पाडलेल्या बैलाच्या डोळ्यात बघू नये, असं बाप सांगायचा. आणि खोटं कशाला, पहिली दोन वर्षं तिला त्यात बरंही वाटलं. कुणी आपल्याला भ्यावं, हे तिला नवीन होतं.

हरिओम दहावीत होता. गावातल्या सोमेश्वरचा थोरला मुलगा. अभ्यासात मधला, कबड्डीत पुढं. जाफराबादच्या सलूनमध्ये जाऊन त्यानं केस कापून आणले होते: बाजूनं साफ आणि वर बोटभर लांब, कपाळावर झुकणारे. त्याला कारण काही नव्हतं. आवडले म्हणून ठेवले. सरांनी तीनदा बजावलं. ऑगस्टातल्या एका सोमवारी परिपाठाला पोरं रांगेत उभी असताना सर शिवणकामाच्या वर्गातली कापडाची मोठी कात्री घेऊन मैदानावर आले.

“सर, आज सांजच्याला कापतो. बराबर कापतो,” हरिओम म्हणाला.

“दैवशालाबाई, धरा.”

तिनं मागून दोन्ही दंड धरले. सोळा वर्षांचं पोरगं, कबड्डीचं. त्यानं हिसका दिला तशी तिनं पकड आणखी आवळली. सरांनी पुढचे केस मुठीत धरून कापले, मग डावीकडचे. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू ऐकून हरिओमनं मान जोरात फिरवली, आणि सर रागात होते, कात्री थांबली नाही. कच्च असा आवाज दैवशालानं अगदी जवळून ऐकला. कानाचा वरचा भाग चिरून खाली लोंबला. पांढऱ्या शर्टाची डावी बाजू बघता बघता लाल झाली.

त्याच वेळी माइकवरून राष्ट्रगीत सुरू झालं. माइकवरच्या पोरीला मागचं काही दिसलं नव्हतं. सारं मैदान सावधान झालं. शिक्षक ताठ, पोरं ताठ. मार्तंड सरही कात्री मांडीला लावून ताठ उभे राहिले. हरिओमसुद्धा सवयीनं ताठ झाला आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त मातीत टपटपत राहिलं. एकटी दैवशाला हलली. तिनं पदर गोळा करून त्याच्या कानावर दाबला. पोरगं तोंडानं “मावशी, मावशी” म्हणत होतं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं धरलेल्या पोराच्या तोंडाकडं बघितलं.

राष्ट्रगीत संपल्यावर सर तिच्या कानाशी आले. “फाटकाच्या पत्र्यावर पडला. समजलं ना?”

एका काळीपिवळी जीपमध्ये घालून तिनं पोराला जाफराबादच्या दवाखान्यात नेलं. टाके घालायच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डोकं धरा कुणीतरी, हलू देऊ नका.” दैवशाला पुढं झाली तसा हरिओम किंचाळला, “ह्या नको! ह्यांला बाहेर काढा!” वॉर्डबॉयनं डोकं धरलं. ती बाहेर बाकड्यावर बसून अकरा टाके ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी दहाला ती फाटकावर होती. सोमेश्वर आला तो दोन चुलतभावांना घेऊन, हातात कुऱ्हाडीचा दांडा. त्यांना पाहून पोरं भिंतीला चिकटली. मार्तंड सर वरांड्यात होते. ते आत गेले आणि आतून कडी वाजली.

“माझ्या लेकराला कोणी धरलं व्हतं?” सोमेश्वरनं विचारलं.

“म्या,” दैवशाला म्हणाली.

दांडा उचललेला तिला दिसला. तो हात वरच्या वर धरता आला असता. रामरावचा धरला होता. तिनं धरला नाही. उजवा हात आपसूक डोक्यावर गेला आणि दांडा त्या हातावर बसला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसं हाड मोडलं. दुसरा घाव पाठीत, तिसरा मांडीवर. ती पडल्यावर चुलतभावांनी लाथा घातल्या. खिचडी शिजवणारी केशरबाई उलथनं घेऊन धावत आली आणि पडलेल्या दैवशालावर आडवी झाली.

“माराल का तिला? मरंल ती! ज्यानं कापला तो आत कडी घालून बसलाय, मर्दांनो!”

तेव्हा कुठं ते ऑफिसकडं वळले. काचा फोडल्या, दार लाथांनी उखडलं. सर मागच्या खिडकीतून उडी टाकून सोयाबीनच्या वावरात पळाले, पण चिखलात बूट रुतला. धरून आणले. शाळेच्या मैदानात, सातशे पोरांपुढं, सोमेश्वरनं त्यांच्या तोंडावर मारलं. दोन दात पडले, चष्म्याची काच भुवईत घुसली. पोलीस येईपर्यंत मार चालूच होता. मोठी पोरं बघत होती, आणि काहींनी, मॅडम ओरडत असतानाही, टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात दैवशालाच्या हातात सळई घातली. तिसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव केळी घेऊन आले. गोड बोलले. “बाई, तुम्ही एवढंच सांगा, पोरगा पत्र्यावर पडला. त्याच्या बापानं बाईमाणसावर हात टाकला, त्याला आपण आत घालू. दिवाळीपर्यंत तुमची नोकरी कायम करायचं बघतो.”

“साहेब, पोरगा पडला न्हाई,” ती म्हणाली.

“विचार करा. तुम्ही धरलं होतं. कापला म्हणालात तर तुमचंही नाव येईल.”

“येऊ द्या. धरलं व्हतं तर न्हाई कसं म्हणू?”

सायंकाळी पोलीस ठाण्याचा जमादार जबाब घ्यायला आला. तिनं सांगितलं, ते त्यानं तसंच लिहून घेतलं: मी धरलं. सरांनी कापलं. केस कापताना पोरगा हलला, कारण रांगेत कुणी हसलं, आणि मी आवळून धरलं होतं म्हणून त्याला निसटता आलं नाही. मग सोमेश्वरनं दांड्यानं मारलं, तेही सांगितलं. जमादार म्हणाला, “त्याचं सोडायचं का? तुम्ही म्हणलात तर मिटवता येईल.” ती म्हणाली, “मारलं ते मारलं. मोडला ना हात.” प्रीतीच्या बोटांचंही तिनं सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

पुढं व्हायचं ते झालं. संस्थेनं दुसऱ्याच महिन्यात तिला कामावरून कमी केलं. मार्तंड सर काही महिने निलंबित होते, मग संस्थेच्या आष्टीच्या शाळेत रुजू झाले, तेही नवे दात बसवून. सरांवर, दैवशालावर आणि सोमेश्वरवर जाफराबादच्या कोर्टात केस उभी राहिली. ती अजून चालू आहे. गावात लोक दोन्हीकडून बोलले. कुणी म्हणालं, शिस्तीच्या मास्तरला हिनं गोत्यात आणलं; कुणी म्हणालं, आता साळसूद झाली, इतके दिवस कुठं गेल्ती?

उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. कापूस वेचायला जाते, पण बोंडातला कापूस ओढताना डावाच हात चालतो, म्हणून बाकीच्या बायकांच्या निम्मंच वेचून होतं.

मागच्या हिवाळ्यात कोर्टाच्या एका तारखेला ती टेंभुर्णीहून जीपमध्ये बसली, तर समोरच्या बाकावर सोमेश्वर, त्याची बायको वंदना आणि हरिओम. पोरगं आता बारावीला आहे. दुसरी गाडी नव्हती. गुडघ्याला गुडघे लागत होते.

सोमेश्वरनं विचारलं, “हात कसाय?”

“थंडीत ठणकून राह्यला.”

तो खाली बघत म्हणाला, “त्या दिवशी मास्तर आधी सापडला असता तर तुमच्यावर आलो नस्तो.”

“आला असता,” ती म्हणाली. “धरलं तर म्याच व्हतं.”

वंदनानं बाहेर बघितलं. हरिओम मात्र दैवशालाकडं सरळ बघत होता. त्याच्या नजरेत राग होता आणि तो त्यानं लपवला नाही. दैवशालानंही नजर खाली घातली नाही. गाडी वळणावर कलंडली तेव्हा आधारासाठी तिचा मोडका हात पुढं आला, तसा पोरगा अंग चोरून मागं सरकला, आणि तिनं हात मांडीवर ओढून घेतला. कोर्टाच्या दारात चौघं उतरली. पुकारा झाला तेव्हा ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि वकिलानं विचारलेलं सारं, पहिल्यापासून, पुन्हा सांगितलं.