न विचारलेला होकार

१९७१ सालचा मार्च महिना, पहिला रविवार. रक्कम रुपये तीनशे साठ. हजर होते आमचे पाळक, मंडळीचे तीन पंच, शाळेत पाणी भरणारी एक विधवा बाई आणि मी. बाईची मुलगी आणि माझी मुलगी, दोघी देवळाच्या दाराशी चपलांजवळ उभ्या होत्या. त्यांना आत बोलावलं नव्हतं.

बेलापूरच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या आसपास, आमची सत्तर-ऐंशी घरांची ख्रिस्ती मंडळी होती. दर वर्षी ज्वारी निघाली की हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो वेदीपुढे आणून ठेवायचा आणि उपासना संपली की तिथेच लिलाव. आठ आण्यांचा भोपळा पाच रुपयांना जायचा, कारण पैसे देवाच्या घरात जात होते आणि शेजारी बघत होता. या पैशातून दर वर्षी मंडळीतल्या एका मुलाला किंवा मुलीला शिकायला पाठवत. त्या वर्षी नगरच्या एका दवाखान्यातला नर्सिंगचा वर्ग ठरला होता. अनामत, गणवेश, पुस्तकं आणि सुरुवातीची खानावळ मिळून तीनशे साठ लागायचे. शिवाय मंडळीचं शिफारसपत्र लागे आणि ते वर्षाला एकच.

अर्ज दोन आले. दोघी मुली आदल्या वर्षी मॅट्रिक झालेल्या. माझ्या मुलीला मार्क जास्त होते, बाईच्या मुलीची गरज जास्त होती. पंचांत दोन रविवार वाद झाला. शेवटी सगळ्यांत वयस्कर पंच म्हणाले, "लई झालं आता. चिठ्ठ्या टाका. कोन जानार ते देवाला आधीच ठावं हाय, आपन कशापायी भांडतो?"

चिठ्ठ्या टाकून निवडायची चाल प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या वेळेपासूनची, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पाळकांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि अर्पणाच्या मखमली थैलीत टाकल्या. प्रार्थना झाली. वयस्कर पंचांनी हात घालून एक काढली. पाळकांनी ती वाचली, बाईच्या मुलीचं नाव निघालं. दुसरी त्यांनी थैलीतून काढून तशीच फाडून टाकली.

बाई तिथेच खाली बसून रडली. मी पुढे होऊन पंचांशी हात मिळवले. बाहेर येऊन मुलीला म्हटलं, "देवाची इच्छा." ती म्हणाली, "बरं पप्पा." घरापर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली.

पाळक म्हणजे माझा बालमित्र. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात आम्ही एका ट्रंकेत कपडे ठेवून वाढलो. तो पाळक झाला, मी कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. चारचौघांत मी त्याला पाळकसाहेब म्हणायचो, एकांतात अरे-तुरे.

त्याच वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्याने येशूचा शिष्य पेत्र याच्यावर उपदेश केला. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला नाकारशील, हे ख्रिस्ताने पेत्राला आधीच सांगितलं होतं आणि पेत्राने नाकारलंही. उपासनेनंतर त्याच्या अंगणात चहा घेताना मी विचारलं, "आधीच ठाऊक होतं तर पेत्राच्या हातात राहिलं काय? त्याचा दोष कशाला धरायचा?"

"बैलगाडी काट्यावर चढायच्या आधी तू तिचं वजन सांगतोस म्हणे."

"सांगतो. वीस-तीस किलो इकडेतिकडे."

"तू ओळखलंस म्हणून ऊस जड होतो का?"

"नाही."

"मग झालं तर. ठाऊक असणं वेगळं, करायला लावणं वेगळं. तुझं वीस-तीस किलो चुकतं, देवाचं चुकत नाही, एवढाच फरक."

मला हे उत्तर फार पटलं. कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या कारकुनाला मी ते सांगितलं. तो माळकरी. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचा पाळक हुशार हाय. कारखान्यात चेअरमन व्हायचा."

जूनमध्ये बाईची मुलगी नगरला गेली. जुलैत तिचं पत्र आलं, तिला दवाखान्याचा गणवेश मिळाल्याचं. संध्याकाळी मी पाळकाकडे गेलो तेव्हा तो सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होता. पत्राबद्दल बोलणं झालं. मला खरंच बरं वाटलं होतं. सहज म्हटलं, "एक विचारू? तू त्या दिवशी दुसरी चिठ्ठी उघडली नाहीस. माझ्या कारकुनी डोक्याला ते खटकत राहतं. दोन्ही दाखवायला हव्या होत्या."

त्याने पेडल फिरवायचं थांबवलं. समोरासमोर विचारलं की त्याला खोटं बोलता येत नसे, हे बोर्डिंगापासूनचं होतं.

"दाखवली असती तर तीही तिच्याच नावाची निघाली असती," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. तो वर बघेना.

"दोन्हींवर एकच नाव?"

"हो."

"का रे?"

"त्या बाईला दुसरं कोण आहे? तुझी मुलगी आज ना उद्या कुठेतरी लागेलच. आणि मी तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. मला ठाऊक होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर पंचांत चर्चा झाली असती. बाईला जन्मभर तुझे उपकार वाटले असते. चिठ्ठीने मिळालं म्हणजे देवाने दिलं."

"देवाने नाही दिलं. तू दिलंस, आणि माझ्यातलं दिलंस."

"मी काय करणार हे देवाला ठाऊक नव्हतं का? त्याला नको असतं तर त्याने थांबवलं असतं."

"पेत्रालाही त्याने थांबवलं नव्हतं."

तो पुन्हा पेडल फिरवू लागला. मी म्हणालो, "मी गाडीचं वजन ओळखतो, पण काट्यावर घेतल्याशिवाय पावती फाडत नाही. तू मला काट्यावर घेतलंच नाहीस."

"तू हो म्हणाला नसतास का? खरं सांग."

हाच प्रश्न मला सगळ्यांत लागला. म्हणालो असतो, बहुतेक. दोन दिवस कुढलो असतो, बायकोचं ऐकून घेतलं असतं आणि मग जाऊन हो म्हणालो असतो. पण तो होकार माझा असता. मी दिलाच नाही असा होकार त्याने माझ्या नावावर मांडला, वर मला प्रार्थनेला उभं केलं आणि माझ्याच तोंडून माझ्या मुलीला देवाची इच्छा म्हणून सांगायला लावलं. एदेन बागेत मना केलेलं फळ खाऊन आदाम कुठे लपलाय हे देवाला ठाऊक होतं, तरी त्याने हाक मारून विचारलं. ज्याला सगळं ठाऊक आहे तो विचारतो. माझ्या मित्राने विचारलं नाही.

हात पुसत तो म्हणाला, "आता तू सांगशील तसं करतो. म्हणालास तर रविवारी मंडळीपुढे उभा राहून कबूल करतो."

कबूल केलं असतं तर शिफारसपत्र रद्द होऊन ती पोर नगरहून परत आली असती. तिचा यात काही दोष नव्हता. त्याने मला विचारलं खरं, पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती पोळपाटापासून न उठता म्हणाली, "बोर्डिंगमधला भाऊ ना तुमचा? घ्या आता." थोड्या वेळाने म्हणाली, "राहुरीचं स्थळ आलंय, त्यांना हो कळवून टाका. किती दिवस घरात बसवायची?"

मुलगी चुलीशी होती आणि ऐकत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या सगळ्यात तिला कोणीच काही विचारलेलं नाही. मी धरून चाललो होतो की ती म्हणेल, जाऊ द्या पप्पा. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"तिला परत आणू नका," ती म्हणाली. "पण मलाही जायचंय. राहुरीला नाही, नगरला. आणि पाळककाकांनी मला तोंडावर सांगावं. तुमच्याकरवी नको."

माझा अंदाज पुरता चुकला होता. बायको म्हणाली, "आणि पैसे?" मुलगी म्हणाली, "ते मला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळक घरी आला. सलाम करून उभाच राहिला. माझ्या मुलीसमोर त्याने सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "क्षमा करते काका, पण मी पप्पांना बरं म्हटलं ते देवाचं समजून म्हटलं होतं." तो चहा न घेता गेला.

त्याने तिन्ही पंचांनाही सांगितलं. वयस्कर पंच म्हणाले, "म्या हात घातला थैलीत, डोळं मिटून. माजा हातबी खोटा पाडला का रं तुमी?" मंडळीपुढे काही आणायचं नाही आणि पुढच्या वर्षीचं पत्र माझ्या मुलीला चिठ्ठीशिवाय द्यायचं, असं ठरलं. राहुरीच्या स्थळाला मी नकार कळवला. बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

पाळक मंडळीत आणखी सहा वर्षं होता. त्याचे उपदेश चांगलेच असायचे आणि मी पुढच्या बाकावर बसून ऐकायचो. पण त्या जुलैनंतर मी त्याला एकांतातही पाळकसाहेबच म्हणत राहिलो. एकदा त्याने विचारलं, "अजून राग आहे?" मी म्हटलं, "नाही, पाळकसाहेब." राग नव्हताच. आपल्याला कोणीतरी पुरतं ओळखतं, ही इतकी वर्षं जी सोबत वाटायची, तीच आता नकोशी झाली होती.

पुढच्या वर्षी पीक बेताचं होतं. हंगामाच्या सणाला वेदीपुढे थोडी ज्वारी, चार कोंबड्या आणि अंडी होती. लिलाव लवकर आटोपला. मंडळीने हाती आलेले नव्वद रुपये दिले. पाळक आपल्या पगारातून महिन्याला पंधरा आणून देत होता, पाच महिने. मी ते नको म्हटलं नाही आणि दर वेळी सही करून पावती दिली. उरलेले एकशे पंच्याण्णव मी कारखान्याच्या पतपेढीतून उचलले. १९७२ च्या जूनमध्ये मुलीला घेऊन एसटीने नगरला गेलो आणि नर्सिंगच्या वर्गाच्या कचेरीत, खिडकीवरच्या बाईंकडे, तिच्या नावाने रुपये तीनशे साठ भरले.