फिलूमावशीचा खालचा बांबू

फिलूमावशीचा हात कपाळापर्यंत जायचा नाही, म्हणून ती कपाळच हाताशी आणायची. मीरा रोडच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होते. शेजारची जाडजूड, लुगड्यातली बाई डोळे मिटून मान इतकी खाली नेत होती की मला वाटलं, हिला चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली, क्रूस करतेय. दोघींचा आजार एकच निघाला, स्नायूंना सूज. मग काय, मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

ती उत्तनची. नवऱ्याच्या होडीचे बोंबील वाळवायची. समुद्राकाठी बांबूंची उंच चौकट असते, वलांडी. तिच्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे. आजारात दोन वर्षं ते काम सुटलं. गोळ्या थांबल्यावर ती पुन्हा उभी राहिली, पण सगळ्यात खालच्या बांबूपाशी. हात चालले तर आठवड्याने वरचा बांबू. खांदे पेटले की एक बांबू खाली. "घरी न्हाय जायाचा बाय, खाली जायाचा," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातली शहाणी. माझेही रिपोर्ट नॉर्मल आले, गोळ्या बंद झाल्या, घरात पेढे वाटले. त्या आनंदात एका रविवारी मी घरातले सगळे पंखे पुसले, पडदे काढून धुतले. दुसऱ्या दिवशी दंड असे धरले की ब्रश तोंडापर्यंत जाईना. मला वाटलं, आजार परत आला, पुन्हा ते गोळ्यांनी सुजलेलं तोंड, पुन्हा रजा, आणि या वेळी नोकरी नक्की जाणार. कपाटात स्टेरॉइडची अर्धी स्ट्रिप उरली होती. डॉक्टरांना न विचारता ती सुरू करायचं मी ठरवलं. का कुणास ठाऊक, आधी मावशीला फोन केला.

ती म्हणाली, ये. दुपारच्या उन्हात बोंबलांच्या पांढऱ्या रांगा वाऱ्यावर हलत होत्या. मागे समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. नुसतं बसून मला गुंगी येत होती, जागी आहे की झोपले तेच कळेना. मावशीने स्ट्रिप मागून घेतली, कमरेला खोचली आणि म्हणाली, डॉक्टर हो म्हणाला तर परत देईन. मी दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सूज नव्हती. दोन वर्षं बसलेल्या स्नायूंवर मी एकदम ओझं टाकलं होतं. व्यायाम हळूहळू वाढवा, म्हणाले.

हे सांगायला मी उत्तनला गेले तर मावशी पायरीवर बसलेली, केस मोकळे, हातात फणी. आज हात वर जात नाही, वेणी घालून दे म्हणाली. मी चाट पडले. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. विंचरता विंचरता विचारलं, मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?

"रोज वाटते गो. सकाली डोला उघडला का पयला तोच इचार, आला का परत. कोनाला सांगू? घरान सगले बोलतान, तू बरी झाली."

माझ्याही घरी हेच चाललं होतं. मी तिच्या पाठीला डोकं टेकून रडले. वेणीला अर्धा तास लागला, मध्ये दोनदा माझे हात थांबले, तिने घाई केली नाही.

मावशी यंदा उन्हाळ्यात गेली, झोपेतच, हृदय बंद पडून. बरं झाल्यावरही भीती वाटते, हे मला आजवर तिनेच एकटीने सांगितलं. सकाळी दंड दुखले की ते सांगायला आता कुणी नाही.