सुईले काय मालूम

माझी मोठी जाऊ, वनिताताई, घरात सगळ्यांच्या आधी जेवायची. सासरे ओसरीवर, दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, अजून हातपाय धुताहेत, सासूबाई चुलीपुढे, आणि ही बाई स्वयंपाकघराच्या मधोमध ताट घेऊन बसलेली. भिंतीकडे तोंड करून नाही, चांगली ऐसपैस मांडी घालून. लग्न होऊन मी तुमसरहून सौंदडजवळच्या या गावात आले, तेव्हा हे पाहून तोंडात बोट घालायची वेळ आली. माझी आई सगळ्यात शेवटी जेवायची, तेही उरलंसुरलं. इथे थोरली सून सासऱ्यांच्या आधी जेवत होती आणि वर मलाच म्हणाली, "पाहून काय राहिली वं? भाजी वाढ."

रात्री नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तिला शुगर आहे. त्याच्या मते विषय तिथे संपला होता, माझा तिथे सुरू झाला. शुगरवाली माणसं मी पाहिली होती. साठी ओलांडलेली, पोट सुटलेली, बिनसाखरेचा चहा पिऊन जगावर चिडलेली. ताई तर तिशीतली, काडीसारखी बारीक, आणि रोवणीत इतकी चपळ की धानाचा परहा, म्हणजे रोपं, लावताना बाकीच्या बायका बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, मध्यात असायच्या, तेव्हा ही पलीकडच्या धुऱ्यावर उभी राहून त्यांना चिडवत असायची. शिवाय शुगर म्हणजे खायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. ज्यात खायचं नाही त्या आजारात ही सगळ्यांच्या आधी खाते, हे गणित मला सुटेना.

थोडी ओळख झाल्यावर तिनेच सांगितलं. धाकटी मुलगी रांगत होती त्या वर्षी ती एकाएकी वाळत गेली. लोटेच्या लोटे पाणी प्यायची आणि तहान काही भागायची नाही. एक दिवस चक्कर येऊन पडली तेव्हा गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला लागणारं इन्सुलिन हिच्या पोटात तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागेल, गोळ्यांनी भागायचं नाही, सकाळ-संध्याकाळ सुई आणि तीही जन्मभर. सुई घेतली की रक्तातली साखर उतरू लागते, मग वेळेवर जेवलं नाही तर ती इतकी उतरते की माणूसच खाली बसतो. हे सगळं डॉक्टरांचं. ताईचं स्वतःचं म्हणणं असं, "सुई पोटात गेली का ते आपलं काम करते. तिले काय मालूम, घरी पाहुने आहेत, का उपास आहे, का सासऱ्याचं जेवन व्हाचं आहे?"

हे वाक्य ती वर्षभरात किती जणांना ऐकवायची, कोण जाणे. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्याच क्षणी म्हणायचा, "मग भात बंद कर ना, आपोआप उतरंल." आता आमच्या भागात जेवण म्हणजे भात. पोळ्या कितीही खाल्ल्या तरी भात खाल्ला नाही, तर माणूस जेवला असं कुणी धरत नाही. ताई एका वाटीने मोजून भात घ्यायची. त्यामुळे एकाच घरात, एकाच दिवशी, तिला दोन बोल लागायचे. सगळ्यांच्या आधी जेवते म्हणून एक, आणि काहीच जेवत नाही म्हणून दुसरा. तिच्या माहेरच्यांना, तिकडे सालेकशाला, वाटायचं, सासरी पोरीला उपाशी मारताहेत. सासरच्यांना वाटायचं, माहेरच्यांनी आजार लपवून पोरगी दिली. दोन्हीकडचे लोक एकमेकांना वाकून नमस्कार करायचे आणि पाठ वळली की हेच बोलायचे.

सासूबाईंचा मात्र तिच्यावर जीव होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला त्या दुष्ट वाटतील. त्या अजिबात दुष्ट नव्हत्या, फार तर हट्टी होत्या. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी ताईला कारल्याचा रस दिला, जांभळाच्या बियांची पूड दिली, जंगलातून आणलेली कसली तरी साल रात्रभर भिजवून पाजली. ताई ते नाक दाबून प्यायची आणि सुईही घ्यायची. मग सासूबाईंनी सगळ्यात मोठा उपाय केला. त्यांनी स्वतः साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, सणाला गोड नाही, लग्नात बुंदीला हात नाही. सुनेच्या जागी आपण सोडली, तर देव कुठेतरी हिशेब जुळवील, असं त्यांच्या मनात असावं. ताईची तपासणी झाली की त्या दारातच उभ्या असायच्या. आकडा वाढलेला ऐकला की खचून म्हणायच्या, "मी सोडली तरी तुही साखर उतरत काऊन नाही?" ताईला यावर हसावं की रडावं ते कळायचं नाही, आणि मला तर आजही कळत नाही.

त्यांचा खरा गोंधळ होता तो ताईच्या डबीचा. कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीत ताई साखरेची एक छोटी डबी ठेवायची. शुगरच्या बाईपाशी साखर! सासूबाई ती डबी अशी पाहायच्या, जशी एखादी आई मुलाच्या खिशात विडी पाहते. ताईने कितीदा सांगितलं, एरवी साखर नको, पण एकदम उतरली तर हीच लागते. सासूबाई म्हणायच्या, "एकदा ठरव ना बाई. चालते का नाही चालत?" खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न मलाही पटायचा.

आणि मग तो दिवस आला. नणंदेला पाहायला रायपूरहून माणसं यायची होती. पाहुणे सकाळी येणार म्हणून सांगितलेले, उगवले भर दुपारी. दुपारचं जेवण पुढे ढकलायचं म्हणजे काय, ते ताईला माहीत होतं. सकाळची सुई घेऊन तिने थोडं खाल्लं होतं आणि आता दुपारच्या जेवणाला बसली, तोच गाडी दारात लागली. सासूबाईंनी डोळ्यांनी खूण केली, थोडी थांब. पाहुण्यांपुढे घरची सून आधी जेवताना दिसली, तर सोयरीक मोडेल, ही भीती. ताई थांबली. ताट झाकून ठेवलं आणि वाढायला लागली. जरा वेळाने तिने एका पाहुण्याच्या पाण्याच्या पेल्यात वरण ओतलं आणि स्वतःच हसली. मग एकाला म्हणाली, "तुम्ही कोन?" पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. सासूबाईंचा चेहरा रागाने लाल झाला, त्यांना वाटलं सून सूड उगवते आहे. ताई तशीच मागे सरकत दाराच्या चौकटीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. घामाने तिचं पोलकं भिजून गेलं होतं.

मी धावले, तिच्या पिशवीतून डबी काढली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून हिसकावली. "मारतेस का तिले?" त्या ओरडल्या. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या, साखरेने आजारी पडलेल्या माणसाला साखर कोण देतं? मी थांबले, कारण मलाही खात्री नव्हती. थोरले दीर वीजखात्यात वायरमन. ते ओसरीवरून आत आले, आईच्या हातातली डबी घेतली, साखर पाण्यात ढवळली आणि ताईचं डोकं मांडीवर घेऊन घोटघोट पाजली. ताईला गिळता येत होतं, हे नशीब. थोड्या वेळाने तिचे डोळे जागेवर आले. तिने पहिलं विचारलं, पाहुणे जेवले का. दीर म्हणाले, पाहुणे गेले खड्ड्यात, आधी तू जेव.

ती जेवत असताना सासूबाई समोर बसून एकटक पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साखरेनं बिमार पडते, अन् साखरेनंच उठते. हे बिमारी आहे का जादू?" त्यानंतर काही दिवस त्यांचं दुसरंच टोक सुरू झालं. ताईने जांभई दिली की साखर. ताई पायरीवर टेकली की साखर. तपासणीचा आकडा आभाळाला भिडला तेव्हा ताईने डोक्याला हात लावला. सोयरीक मात्र मोडली नाही. रायपूरची माणसं भली निघाली, नणंद तिकडेच नांदते आहे. त्या दिवसापासून ताईच्या जेवणाला घरात कुणी हरकत घेतली नाही, पण समजून घेतलं म्हणून नव्हे, तर घाबरून. ताईला हा फरक लागायचा. एकदा परह्याच्या पेंढ्या बांधताना ती मला म्हणाली, "बिमारीचा कंटाळा नाही येत वं. सांगन्याचा येते. रोज नवीन मान्साले पहिलेपासून सांगा, अन् तो आखरीले म्हनते, कारलं खा."

सासूबाई गेल्या त्या एका सकाळी, झोपेतच. ताईने नेहमीप्रमाणे उठून सुई घेतली आणि त्यांना हाक मारायला गेली, तर अंग थंड लागलं. रडारड झाली, गाव जमा झालं. नणंद रायपूरहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. म्हणजे दुपार. मयत घरात असेपर्यंत चूल पेटत नाही, घरात कुणी घास घेत नाही. शेजारणीने सगळ्यांना चहा आणून दिला, ताईने तो साखरेसकट घेतला. सासूबाईंच्या उशाशी बसून ती त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होती. मी समोर होते. त्या बोटांना कापरं भरलेलं मला दिसलं. रडण्याने बोटं कापतात, साखर उतरली तरी कापतात. बाहेरून पाहणाऱ्याला कसं कळावं?

मी जवळ जाऊन कानात विचारलं. ती म्हणाली, चहाने थोडा वेळ निभेल, दुपारपर्यंत नाही निभायचं. रात्रीचा भात पातेल्यात शिल्लक होता. मी म्हटलं, मागे गोठ्यात चल, तिथे कुणी नाही, चार घास खाऊन ये. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजले होते, पण नजर रोजचीच होती. "लपून कायले खाऊ?" ती म्हणाली. "ह्या बाईपासून मी कधी लपून नाही खाल्लं. आज खाऊ का?"

मी ताट घेऊन आले. भरल्या घरात, पन्नास माणसांसमोर, सासूबाईंच्या उशाशी बसून ताई शिळा भात खायला लागली. घास घ्यायची, रडायची, पुन्हा घास घ्यायची. बायकांची कुजबुज आधी हळू होती, मग हळू राहिली नाही. एक म्हातारी सरळच म्हणाली, "इतकी भूक लागली का वं तुले?" सासरे खाली मान घालून बसले होते. त्यांना वाईट वाटत होतं की राग आला होता, मला सांगता येणार नाही. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हेही नाही. कदाचित म्हणाल्या असत्या, थोडी थांब. कदाचित स्वतःच ताट वाढून आणलं असतं. मी हा विचार खूपदा केला आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

त्या म्हातारीला सुईचं सगळं पहिल्यापासून सांगावं, असं एकदा तोंडाशी आलं. पण ताईला त्याचा किती कंटाळा आला होता, ते मला माहीत होतं. मग मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि तिच्याच ताटातला भात कालवून खायला लागले. मला ना शुगर, ना भूक. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताट थोडं माझ्याकडे सरकवलं.

दिरांची बदली झाली आणि ताई आता गोंदियाला राहते. गावात अजून सांगतात, सासूचं मयत घरात होतं आणि दोघी सुना जेवत होत्या. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, हो, जेवत होतो.