नेरच्या संपादकबाई

यवतमाळहून नेरची एस.टी. सुटली, तेव्हा मी विमलताईंशी भांडायची वाक्यं मनात घोळवत होते. एका साप्ताहिकाच्या या संपादकबाई. डोक्यावरचा पदर ढळू न देता जन्मभर गावोगाव बातम्यांसाठी हिंडल्या आणि लेख काय, तर ‘बाईनं घर सांभाळावं’! आईबापांना न विचारता लग्न करणाऱ्या मुलींवर तर विशेष राग. मी पुण्याहून चिडून उलट पत्रं पाठवायची. ती त्यांनी सगळी छापली, शेवटच्या पानावर का होईना.

खिडकीबाहेर कापूस फुटला होता. शेजारच्या बाईंना ताईंचा पत्ता विचारला.

“पदरवाल्या बाईकडे का?” त्या कुजबुजल्या. “त्यायच्या पोरीनं यवतमाळले कोर्टात लग्न केलं ना! आता बाई काय लिह्यते, सारं गाव वाट पाहून राह्यलं.”

माझी भांडायची हौसच गेली.

नेरला उतरताना चप्पल तुटली. ती हातात घेऊन अनवाणीच ताईंच्या दारात उभी राहिले, नाव सांगितलं.

“पुण्याची चप्पल वाटते,” ताई हसल्या. “ये, पह्यले जेव.”

गोळाभात होता (डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे नि भात), वर कडकडीत फोडणीचं तेल. अहाहा! मी दोनदा वाढून घेतला.

मग ताईंनी ताजा अंक पुढे ठेवला. ‘माझ्या मुलीनं आम्हाला न विचारता लग्न केलं. इतरांच्या मुलींना जे म्हणत आले, तेच तिला म्हणते. हे मला मान्य नाही.’

माझं डोकंच फिरलं. “पोटच्या पोरीला चव्हाट्यावर आणलंत?”

“दुसऱ्याच्या आणल्याच ना मी? मग माझी कायले झाकू?” ताई उठल्या. त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. आपल्या जुन्या चपला त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या. “चाल. मलेबी यवतमाळले जायचं हाय. पोरीले स्टँडवर बलावलं.”

बसमध्ये ताई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

स्टँडवर लेक लांबच उभी होती, पंजाबी ड्रेसमध्ये. “आई, लेख वाचला. मले नाही पटला.”

“नको पटू देऊ. उत्तर लिही, छापते मी,” म्हणत ताईंनी पिशवीतून नारळ, खण, तांदूळ काढले. “ओढणी पसर.”

“मान्य नाही, असं लिहिलं ना तू? मग हे कायले?”

“ते संपादकाचं मत हाय. ओटी भरायले मत कायले लागते वं?”

भर गर्दीत लेकीनं ओढणी पसरली आणि दोघीही रडल्या. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

ताईंच्याच चपला घालून पुण्याला परतले. त्यांची मतं मला आजही पटत नाहीत. पुढचा अंक टपालानं आला. लेकीनं आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं आणि ताईंनी ते पहिल्या पानावर छापलं होतं.