स्वयंपाकघरात पेर्सोन

आमच्या कॉन्व्हेंटातल्या ननबाईंच्या हनुवटीवर एक चामखीळ होता आणि त्यात तीन केस होते. 'मोराल'च्या तासाला मी ते मोजत बसायची.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी बारा वर्षांची, कांप दे मास्क या उसातल्या खेड्याहून रोज बसनं क्युरपिप शहरात जाणारी, घरातली कॉन्व्हेंट बघितलेली पहिली मुलगी. कॅथलिक मुली धर्माच्या तासाला गेल्या की आम्हा उरलेल्यांना मोराल, म्हणजे नीतीचे धडे, असायचं. ननबाईंना मासेर म्हणायचं. हे ऐकून आईची बरेच दिवस समजूत होती की बाई मासे विकते आणि फावल्या वेळात शिकवते.

मासेर फ्रेंचमधून शिकवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, तुम्ही प्रत्येकजण 'पेर्सोन' आहात. आता आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत पेर्सोन म्हणजे कुणीच नाही. माझे तिमाहीचे गुण बघता मला ते पटण्यासारखं होतं, म्हणून मी मुकाट्यानं मान डोलावली. हळूहळू उलगडलं की बाई नेमकं उलटं सांगतायत. फ्रेंचमध्ये त्या शब्दाआधी एक छोटासा 'ईन' लावला की त्याचा अर्थ माणूस असा होतो. बाक म्हणजे काहीतरी, पण तुम्ही कुणीतरी. देवानं प्रत्येकाला आपल्यासारखं घडवलंय, म्हणून प्रत्येक चेहरा सुंदर, आणि तो मोजायची फूटपट्टी अजून निघालेली नाही. मी चामखिळाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाईंना असं वाटणारच.

तरी हात वर केलाच. "मासेर, आणि दात पुढे असले तर?"

"दात हसत नाहीत," त्या म्हणाल्या. "हसतं ते माणूस."

हे मी आत्यासाठी विचारलं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सत्तावीस वर्षांची, बाबांहून वीतभर उंच. पुढचे दोन दात तिच्या आधी दारातून आत यायचे. ती हसली की पलीकडच्या उसातली माणसं कोयते थांबवून वर बघायची. तीन स्थळं तिला बघून नकार देऊन गेली होती. चौथं रविवारी फ्लाकहून येणार होतं. हे हुकलं तर आता कुणी यायचं नाही, असं आई बाबांना म्हणाली, आणि ते आत्यानं ऐकलं. त्या दिवशी तिनं वांग्यांना दोनदा पाणी घातलं. मला तिची फार काळजी वाटत होती, कारण घरात माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच होती.

आईनं जय्यत तयारी केली. उंची लपवायला शेजारणीच्या सपाट चपला आणल्या, आणि दात लपवायला वेलची.

"ही ओठांत धरायची. पाहुणे जाईपर्यंत सोडायची नाय."

"आन् त्यांनी काय इचारलां तर?"

"मान हलव."

"पण दात हसत नाहीत," मी मध्ये पडले, "हसतं ते माणूस."

"मग माणसानं पण हसायचां नाय," आई म्हणाली.

रविवारी मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, टाय बांधून घामाघूम झालेला. त्याची आई आमच्या पडद्यांपासून बाबांच्या पायमोज्यांपर्यंत सगळं तपासत होती. आत आत्या ओठांत वेलची धरून गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे, तळत होती. चहा आधीच बाहेर गेला होता. तेवढ्यात आत झारा खाली पडला.

"कि सान्ला दां लाक्विझिन?" मुलाच्या आईनं मला विचारलं. स्वयंपाकघरात कोण आहे?

सरळ आत्या म्हणायचं. पण माझ्या अंगात मासेर संचारल्या होत्या. त्या बाईला ठणकावून सांगायचं होतं की आत काहीतरी नाही, कुणीतरी आहे. मी छाती काढून म्हटलं, "पेर्सोन!"

आणि 'ईन' विसरले.

"पेर्सोन? कोणच नाय?" बाईंनी कप खाली ठेवला. "आयो! मग पोरगी खंय गेली? पळाली काय?"

बाबांनाही क्षणभर ते खरं वाटलं. ते स्वयंपाकघराकडे न बघता थेट अंगणातून उसाकडे धावले. मुलगा टाय सावरत त्यांच्यामागे गेला. मी जिवाच्या आकांतानं "ईन! ईन!" ओरडत होते. आईला वाटलं मला काहीतरी चावलं.

वड्यांचं ताट घेऊन आत्या दारात आली. समोर खिडकीतून बाबा उसाला हाका मारताना दिसत होते, आणि एक अनोळखी टायवाला माणूस वाकून उसाच्या बुडख्यात तिला शोधत होता. आत्यानं हसू दाबून बघितलं. मग ती फुटली. वेलची तिच्या तोंडातून उडाली ती मुलाच्या आईच्या चहात पडली, आणि सपाट चपलांतली ती उंच बाई ताट कवटाळून अशी हसली की बाबांना उसात कळलं, बहीण घरातच आहे.

मंगळवारी निरोप आला. मुलगी चालेल, पण पुढचे दात काढून नवे बसवून घ्या. घरात आनंदीआनंद झाला. आईनं क्युरपिपच्या दातांच्या डॉक्टरचा पत्ताही मिळवला.

"मी नाय काढायची," आत्या म्हणाली.

बाबा ओरडले, मग समजावलं, मग पुन्हा ओरडले. ती ढिम्म. "माझे दात नको, तर मी पण नको. सांगा त्यांना."

आमच्या घरून पहिल्यांदाच कुणाला तरी नकार गेला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तर खात्रीच होती की आत्याचं लग्न मी मोडलं. मोरालच्या तासानंतर मी मासेरना सगळं सांगितलं. वेलचीपाशी आल्यावर त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. छे, हसत होत्या! "पण आता आत्याचं काय होणार?" मी विचारलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही. देवाचं सगळं माहीत असणाऱ्या बाईला एवढं माहीत नसावं, याचा मला भयंकर राग आला.

शनिवारी तो मुलगा एकटाच बसमधून उतरला. टाय नव्हता. आत्या वांग्यांच्या वाफ्यात होती, पायांत गमबूट, गालावर चिखल. आई पावडरचा डबा घेऊन धावली, पण तो आधी पोचला. मी टोपली धरून तिथंच उभी होते.

"दातांचां आयनं काढलां, मी नाय," तो म्हणाला. "मला एकच इचारायचां हाय."

"काय?"

"त्या दिवशी तुमी एवढ्या कशाला हसलात?"

आत्यानं खुरपं खाली ठेवलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. उसात वाकलेल्या त्याच्याच टायपाशी ती आली तेव्हा तो खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. आई दारातून मला खुणावत होती, त्यांना आत घेऊन ये. मी हलले नाही. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं, तिन्हीसांजेपर्यंत जेवणावळी उठल्या, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो वाफा. चार वेळा लोक आमच्या आत्याला बघायला आले होते. तिला कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ होती.